नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत ‘नाव ठेवणे’ हा संस्कार आहे आणि ‘नावे ठेवणे’ ही खोड आहे. दोहोंत अंतर एका मात्रेचे. परंतु या देशाच्या समाजरचनेने हे अंतर कधी पाळलेच नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा विधी सांगितला आहे : ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक असावे, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सा उत्पन्न करणारे. जो वर्णात होता त्या शूद्राची ही गत, तर वर्णाबाहेरच्याची काय असणार? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्यात हा श्लोकही होता.

मी ज्या विषयावर लिहिणार आहे तो वरवर पाहता अगदी नवा, संगणकाच्या पडद्यावरचा आहे : टॅग. एखादा लेख, छायाचित्र, गाण्याचे ध्वनिमुद्रण पुढे कोणाला तरी सापडावे म्हणून त्याला चिकटवलेला शब्द म्हणजे टॅग. त्याच्यापुढे चौकटीसारखे चिन्ह घातले की तो हॅशटॅग. विषय तांत्रिक वाटतो, आणि आमचे पुष्कळ कार्यकर्ते तो पोरांवर सोपवून मोकळे होतात. पण नाव कोणी ठेवायचे आणि त्या नावाने कोण कोणाला शोधणार, हा प्रश्न मनूच्या त्या श्लोकाइतका जुना आहे, आणि तो पोरांवर सोपवण्यासारखा नाही.

या साधनाचा इतिहास फार मोठा नाही. २००३ साली जोशुआ शाक्टर या अमेरिकन तरुणाने ‘डिलिशस’ नावाची सोय काढली. आपल्याला आवडलेल्या पानांचे दुवे तेथे साठवायचे आणि प्रत्येकाला मनाला येईल तो शब्द जोडायचा. २००४ मध्ये ‘फ्लिकर’वर छायाचित्रांनाही असे शब्द जोडले जाऊ लागले. त्याच वर्षी थॉमस व्हँडर वाल याने या प्रकाराला ‘फोक्सॉनॉमी’ असे नाव दिले. ‘लोकवर्गीकरण’ म्हटले तर अर्थ नीट पोहोचतो. २३ ऑगस्ट २००७ रोजी ख्रिस मेसिना याने ट्विटरवर शब्दाआधी हॅशचे चिन्ह लावून गट ओळखावेत अशी सूचना केली. कंपनीच्या मंडळींना ती प्रथम फारशी पटली नव्हती, पण लोकांनी ती उचलली आणि दोन वर्षांत कंपनीलाही उचलावी लागली.

यात नवे काय होते? त्याआधी ज्ञानाची मांडणी करायची म्हणजे एक कपाट, त्यात खण, आणि प्रत्येक पुस्तकाला एकच खण. खण कोणता हे ठरवणारा माणूस वेगळा आणि पुस्तक लिहिणारा किंवा वाचणारा वेगळा. टॅगने हा संबंध मोडला. एका लेखाला दहा शब्द लावता येतात, आणि ते कोणीही लावू शकतो. तत्त्वतः ही लोकशाही आहे. ‘तत्त्वतः’ या शब्दावर जोर देऊन मी पुढे जातो.

कपाटाचा इतिहास पाहिल्याशिवाय या लोकशाहीची किंमत कळायची नाही. जगातील पुष्कळ ग्रंथालये ज्या दशांश पद्धतीने पुस्तके लावतात ती मेल्विल ड्युई याने १८७६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात धर्माला २०० ते २९९ हे अंक दिले आहेत. त्यातले २२० ते २८० हे जवळजवळ सगळे बायबलला आणि ख्रिस्ती धर्माला, आणि उरलेल्या साऱ्या जगाच्या धर्मांना मिळून २९०. बुद्ध बसतो २९४.३ मध्ये. अडीच हजार वर्षांचा धम्म एका दशांश चिन्हामागे, ‘इतर’ या खणात! हा ड्युई ज्या लेक प्लॅसिड क्लबचा संस्थापक होता तेथे ज्यूंना आणि कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. २०१९ मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने आपल्या पदकावरून त्याचे नाव काढून टाकले ते याच कारणांनी, आणि स्त्रियांशी केलेल्या त्याच्या वर्तनामुळे. योगायोग असा की त्याने १८८७ मध्ये जगातली पहिली ग्रंथपालनाची शाळा काढली ती कोलंबियात, जेथे १९१३ मध्ये बाबासाहेब शिकायला गेले. सगळ्या ज्ञानाला क्रमांक देणाऱ्या माणसाला शेजारी मात्र निवडून हवे होते. आम्हां भारतीयांना या गोष्टीचे नवल वाटण्याचे कारण नाही.

आपल्याकडे एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये कोलन वर्गीकरण मांडले. एका विषयाला अनेक बाजू असतात, त्या वेगवेगळ्या ओळखून मग जोडाव्यात, हा त्यांचा विचार. आजच्या टॅगचा तो पूर्वज आहे असे म्हणता येईल. परंतु आमच्या गावोगावच्या वाचनालयांत तो पोहोचला नाही; तेथे ड्युईच राहिला, किंवा ‘कथा-कादंबरी-इतर’ राहिले.

मग १९७८ मध्ये ‘बलुतं’ आले, पाठोपाठ ‘आठवणींचे पक्षी’, ‘उपरा’, ‘अक्करमाशी’, ‘जिणं आमुचं’ आली, आणि कपाटवाल्यांची पंचाईत झाली. मराठी साहित्याचा अंक ८९१.४६. हे साहित्य आहे काय? का चरित्र? का समाजशास्त्रात, ‘वंचित वर्ग’ या खणात टाकायचे? मी अशी वाचनालये पाहिली आहेत की जेथे एका पांढरपेशा लेखकाचे आत्मचरित्र साहित्यात आहे आणि बेबी कांबळे समाजशास्त्रात. ग्रंथपालाचा त्यात काही द्वेष असतो असे नाही. पण त्याने आपल्या नकळत एक निकाल दिलेला असतो : त्या लेखकाचे जगणे कलाकृती, आणि आमचे जगणे माहिती. साहित्य वाचायला आलेला वाचक समाजशास्त्राच्या कपाटाकडे वळत नाही, म्हणून बेबीताई त्याला भेटतच नाहीत. चुकीच्या जागी लावलेले पुस्तक हे नसलेल्या पुस्तकासारखेच असते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयसूचीत आम्ही पुष्कळ वर्षे ‘अनटचेबल्स’ या शब्दाखाली होतो. आता तेथे ‘दलित्स’ हा शब्द आहे. म्हणजे आमच्या माणसाने आपल्यावरचे पुस्तक शोधायचे तर आधी आपण अस्पृश्य आहोत हे तेथे मान्य करावे लागे.

कागदाच्या कपाटापूर्वीही आम्हांला खण होताच. गावकुसाबाहेरची वस्ती हा खणच. ब्रिटिशांनी खानेसुमारीत त्याला कागदावर आणले. १९३१ च्या शिरगणतीत हटन यांनी ‘एक्स्टीरियर कास्ट्स’ म्हणजे बाहेरच्या जाती हा शब्द वापरला. त्याच वर्षी दुसऱ्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी आणि श्रीनिवासन यांनी पुरवणी निवेदन दिले, त्यात ‘डिप्रेस्ड क्लासेस’ हे नाव बदलून मिळावे अशी स्पष्ट मागणी आहे. राजकीय हक्कांचा एवढा मोठा झगडा चाललेला असताना हा माणूस नावासाठी वेगळा परिच्छेद का लिहितो, याचा विचार आपण पुरेसा केलेला नाही. पुढे गांधींनी ‘हरिजन’ हे नाव चालवले, १९३३ मध्ये त्याच नावाचे साप्ताहिक काढले. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात लोकल बोर्डाच्या कायद्यात ‘हरिजन’ हा शब्द घालण्याचा प्रस्ताव आला तेव्हा भाऊराव गायकवाडांनी आणि बाबासाहेबांनी विरोध केला, आणि तो जुमानला जात नाही असे दिसताच स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभागृहाबाहेर पडले. ज्याला नाव लावायचे त्याला विचारायचे नाही, हा तो मुद्दा होता. जातीच्या दाखल्यांवर ‘हरिजन’ लिहू नये अशी केंद्र सरकारची सूचना निघाली ती १९८२ मध्ये. चव्वेचाळीस वर्षे लागली.

याच्या उलट १९५६ पाहा. १९५१ च्या शिरगणतीत साऱ्या भारतात बौद्ध होते सुमारे १ लाख ८० हजार. १९६१ मध्ये ते झाले ३२ लाखांवर, आणि त्यांतले बहुतेक महाराष्ट्रात. लाखो निरक्षर, अर्धसाक्षर माणसांनी शिरगणतीच्या माणसाला सांगून आपल्या नावापुढचा शब्द बदलून घेतला. लोकवर्गीकरण म्हणतात ते हे! कोणा व्हँडर वालची त्यासाठी गरज पडली नाही. अर्थात सरकारने लगेच ‘नवबौद्ध’ असा एक पोटखण काढला; तो अजूनही दाखल्यांवर आहे.

साहित्याच्या नावाचा वाद वाचकांना ठाऊक आहे. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन झाले, अण्णा भाऊ साठे उद्घाटक होते. १९७२ मध्ये पँथरने ‘दलित’ शब्दाला रस्त्यावर आणले. राजा ढाले, यशवंत मनोहर यांच्यासारख्यांनी त्या शब्दाला हरकत घेतली. कोणी ‘फुले-आंबेडकरी’, कोणी ‘आंबेडकरवादी’, कोणी ‘बौद्ध साहित्य’ म्हटले. या वादाला तेव्हा पुष्कळांनी शब्दांचा कीस म्हणून हिणवले. आज त्याचा एक अगदी व्यावहारिक परिणाम समोर आला आहे. या तीन-चार नावांनी एकच साहित्य चार ठिकाणी विखुरलेले आहे. ‘दलित साहित्य’ या टॅगखाली शोधणाऱ्याला ‘आंबेडकरवादी’ टॅग लावलेला लेख दिसत नाही, आणि त्यालाही हा दिसत नाही. माझे मत असे की कोणतेही एक नाव सक्तीचे करू नये; पण ज्याने एक लावले त्याने दुसरे दोनही लावावेत. मतभेद लेखात मांडावा, शोधणाऱ्याच्या वाटेत मांडू नये.

आता खैरलांजीकडे येतो. मला या विषयावर लिहावेसे वाटले ते मुख्यतः तिच्यामुळे.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर भोतमांगे यांची हत्या झाली. त्या वेळी ट्विटर निघून दोन-तीन महिने झाले होते, हॅशटॅग अस्तित्वात नव्हता. पहिल्या काही दिवसांत जी बातमी आली ती गावकऱ्यांच्या रोषाची, अनैतिक संबंधांची म्हणून आली. म्हणजे बातमी होती. तिच्यावरची चिठ्ठी खोटी होती. जातीय अत्याचाराच्या बातम्या शोधणाऱ्या माणसाच्या नजरेस ती पडणारच नाही अशा खणात ती होती. ती चिठ्ठी फाडून दुसरी लावायला आमच्या सत्यशोधन समित्यांना, हस्तपत्रकांना, हातोहात फिरलेल्या छायाचित्रांना आणि ई-मेलना महिना-सव्वा महिना लागला. नोव्हेंबरात महाराष्ट्र पेटला तेव्हा कुठे राज्याला खैरलांजी हे नाव कळले.

आणि मग न्यायालय. २४ सप्टेंबर २००८ रोजी भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सांगितली. पण १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा शाबीत धरला नाही. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची जन्मठेप दिली. जातीचा मुद्दा तेथेही टिकला नाही. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. शिक्षा झाली, नाव लागले नाही. उद्या एखादा विद्यार्थी त्या कायद्याखाली झालेल्या शिक्षांची यादी काढील, तर साऱ्या महाराष्ट्राला हादरवणारे हे प्रकरण त्याला त्या यादीत सापडणार नाही. भैयालाल भोतमांगे २०१७ च्या जानेवारीत गेले. कायद्याच्या कपाटात त्यांच्या घरातली चार माणसे साध्या खुनाच्या खणात आहेत, आणि लोकांच्या स्मरणात व लोकांनी लावलेल्या टॅगमध्ये मात्र ती जेथे असायला हवीत तेथे आहेत.

१७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला तेव्हा साधन आलेले होते. त्याचे नाव काही तासांत देशभर पोहोचले, कारण ज्याने-त्याने लिहिताना तेच एक नाव खुणेसारखे लावले आणि वेगवेगळ्या शहरांतली पोरे त्या खुणेखाली एकत्र सापडली. संपादकाची परवानगी लागली नाही. पण येथेही कपाट पाठ सोडीना. रोहित अनुसूचित जातीचा होता की नाही, यावरच चौकशा रेंगाळल्या. २०२४ च्या मे महिन्यात तेलंगण पोलिसांच्या अहवालात तो अनुसूचित जातीचा नव्हता असे आले. ओरड झाल्यावर पुढील तपासाची घोषणा करावी लागली. आईने एकटीने वाढवलेल्या मुलाला कोणती चिठ्ठी लावायची, ते मरणानंतर आठ वर्षांनी पोलीस ठरवीत होते.

मी नवी मुंबईत राहतो. हे शहरच मुळी वर्गीकरणातून जन्मले. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतली गावे घेतली, आणि घणसोली, तळवली, गोठिवली, राबाडे या नावांवर सेक्टरचे आकडे बसले. पत्ता सांगायचा तर पुस्तकावरचा क्रमांक सांगितल्यासारखा वाटतो. ऐरोलीच्या सेक्टर १५ मध्ये महानगरपालिकेने उभारलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक आहे, त्यात ग्रंथालय आहे. आणि तेथून फार लांब नाही अशा ऐरोली, राबाडे, महापे पट्ट्यात जुन्या कारखान्यांच्या जागी मोठमोठी खिडक्या नसलेली डेटा सेंटरे उभी आहेत. आपण ज्याला ‘ऑनलाइन’ म्हणतो ते आकाशात नसून यांतल्या कपाटांत असते. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतच्या वस्त्यांत बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून खाणींवर आणि कारखान्यांवर आलेल्या माणसांची नातवंडे राहतात. त्यांतली काही त्या इमारतींच्या दारावर रखवालदार आहेत. आत साठवलेल्या अक्षरांत त्यांच्या आजोबांचे काय आहे, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही.

म्हणून आम्ही काही मंडळी एका विहाराच्या वाचनालयात जमून जुन्या वस्तू स्कॅन करतो : साठ ते नव्वदच्या काळातली अनियतकालिके, संमेलनांच्या स्मरणिका, जयंतीच्या पुस्तिका, गायन पार्ट्यांच्या वह्या. स्कॅन झाले की काम संपले असे लोकांना वाटते. खरे काम तेथून सुरू होते. कारण स्कॅन म्हणजे चित्र. यंत्राला त्यात शब्द दिसत नाहीत. नव्वदीनंतरचे अंक तर संगणकावर जुळवलेले, पण जुन्या श्रीलिपीसारख्या फाँटांत. पडद्यावर मराठी दिसते, पोटात मात्र इंग्रजी अक्षरांचे सांकेतिक कडबोळे असते. ‘दलित’ शोधला तर शून्य. अशा मजकुराला जो टॅग लावावा तेवढाच त्याचा दरवाजा.

आणि दरवाजा लावणेही सोपे नाही. आमच्याच एका नावाचे पाहा. मराठीत ‘आंबेडकर’, हिंदीत ‘अंबेडकर’, काही जुन्या ठिकाणी ‘आम्बेडकर’. यंत्राला ही तीन माणसे वाटू शकतात. ‘बौद्ध’ हा शब्द किती ठिकाणी ‘बौध्द’ असा छापलेला आहे हे ज्याने सरकारी परिपत्रके पाहिली आहेत त्याला सांगायला नको. डोळ्याला फरक जाणवत नाही, यंत्राला जाणवतो. अण्णा भाऊ, अण्णाभाऊ, आण्णाभाऊ. ‘जयभीम’ आणि ‘जय_भीम’. त्यात मराठीचा स्वभाव असा की शब्दाला विभक्ती चिकटते : दलितांनी, दलितांच्या, दलितांमधील. इंग्रजीच्या मापाने बनवलेला शोध मूळ शब्द घेऊन या रूपांपर्यंत पोहोचेलच असे नाही, म्हणून टॅग मूळ रूपातच हवा. आणखी एक गंमत, अर्थात कडवट. ज्या आज्ञावलींत काना-मात्रा-वेलांटीला अक्षराचा दर्जा दिलेला नसतो, तेथे ‘#दलित’ लिहिले की वेलांटीपाशी शब्द तुटतो आणि उरतो ‘#दल’. अक्षरांतही सवर्ण-अवर्ण आहेतच! आता बहुतेक मोठ्या ठिकाणी ही खोड काढलेली आहे. पण काही वर्षे तरी आमच्या पोरांनी देवनागरी सोडून रोमनमध्ये टॅग लावले ते हौसेने नव्हे.

शब्द कोणते निवडायचे याचा आम्ही आधी एक तक्ता केला होता : चळवळ, साहित्य, धम्म, आरक्षण, अत्याचार. तो तक्ता शिकलेल्यांचा होता. विहारात येणाऱ्या बायांना आम्ही वह्या-पुस्तिका वाचून दाखवू लागलो आणि ‘हे पुढे कोणत्या नावाने शोधाल?’ असे विचारू लागलो, तेव्हा वेगळेच शब्द आले. महाडवरच्या गाण्याला एका मावशींनी सांगितले, ‘पाणी लिव्हा.’ दुसरी म्हणाली ‘येसकर’. तुर्भ्याच्या एका आजीने साध्या जयंतीच्या पुस्तिकेला ‘बहात्तर’ हा शब्द दिला, कारण तिच्यात वर्गणीदारांची जी नावे होती ती सगळी तिच्या गावाहून दुष्काळात आलेल्यांची होती. आमच्या तक्त्यात पाणी नव्हते, दुष्काळ नव्हता, वतन नव्हते. आता आहेत. याच बायांनी आणखी एक गोष्ट ध्यानात आणून दिली : आमच्या यादीत स्त्री म्हणून एकच टॅग होता, ‘रमाई’. आणि मातंग, चर्मकार, ढोर समाजांतील लेखक ‘दलित चळवळ’ या मोठ्या शब्दाखाली असे दिसेनासे झाले होते की शोधणाऱ्याला वाटावे, ही एकाच जातीची चळवळ होती. प्रस्थापितांनी आपल्याला ‘इतर’मध्ये टाकले म्हणून ओरडणाऱ्यांनी आपल्या घरात दुसऱ्यांसाठी ‘इतर’चा खण काढू नये.

या साधनाची दुसरी बाजू झाकून ठेवता येणार नाही. ज्या शब्दाने आपण सापडतो त्याच शब्दाने आपल्याला टाळता येते. वर्तमानपत्रांतल्या लग्नाच्या जाहिरातींत ‘एससी-एसटी क्षमस्व’ ही ओळ आपण पिढ्यान्‌पिढ्या वाचली. लग्न जुळवणाऱ्या सोयींमध्ये आज ती ओळ लिहावी लागत नाही. जातीच्या चौकटीतली खूण काढली की आमची मुले-मुली पडद्यावर येतच नाहीत. क्षमाही मागावी लागत नाही. भाड्याच्या घरांच्या यादीत ‘शाकाहारी कुटुंबास प्राधान्य’ हा टॅग काय काम करतो हे वाशी-नेरुळात घर शोधलेल्यांना विचारावे. म्हणून आमच्यातली काही शहाणी माणसे म्हणतात, खूणच नको. मला ते पटत नाही. खूण पुसली म्हणून टाळणारा थांबत नाही. तो आडनाव विचारतो, गाव विचारतो, देव्हाऱ्यात कोण आहे ते डोकावून पाहतो. शोधणाराच तेवढा रिकाम्या हाताने परत जातो.

सरकारलाही पुसण्याचा मोह होतो. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने खाजगी वाहिन्यांना ‘दलित’ शब्द टाळून ‘अनुसूचित जाती’ म्हणावे असा सल्ला दिला. अनुसूचित जाती ही एक यादी आहे, १९३६ च्या आदेशापासून चालत आलेली. दलित ही एक भूमिका आहे. यादीने भूमिकेला हुसकावून लावायचे, असा तो प्रकार. डिसेंबर २०२० चा महाराष्ट्र सरकारचा निर्णय मात्र वेगळा आहे. वस्त्यांना असलेली जातिवाचक नावे काढून त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावे द्यावीत असे मंत्रिमंडळाने ठरवले. ते योग्यच झाले. पण त्यातून आमच्यासारख्या कागद शोधणाऱ्यांपुढे एक पेच उभा राहिला. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, आणि तो पुरावा जुन्या नावानेच नोंदलेला असतो : शाळेच्या रजिस्टरात, वतनाच्या कागदांत, महारवाडा म्हणून, मांगवाडा म्हणून. जे नाव आम्ही टाकून दिले त्याच नावाने आमच्या नातवाला दप्तरात शोधावे लागते. २०२३ पासून ‘कुणबी’ हा एक शब्द शोधण्यासाठी शासनाने समिती नेमली, मोडी वाचणारी माणसे बसवली, जिल्ह्याजिल्ह्यांतली दप्तरे उघडली, आणि लाखो नोंदी काढल्या. मराठ्यांसाठी झाले ते झाले, त्याबद्दल मला असूया नाही. आमच्या वतनाच्या कागदांसाठी अशी दप्तरे कोण उघडणार, एवढाच माझा प्रश्न आहे.

आमच्या वाचनालयात यावर एका तरुण कार्यकर्त्याशी माझा बराच वाद झाला. आजोबांच्या गावच्या पुस्तिकेला ‘महारवाडा’ हा टॅग लावायला तो तयार नव्हता. त्याचे म्हणणे चूक आहे असे मी म्हणणार नाही. शेवटी आम्ही नोंदीत दोन ओळी केल्या. एका ओळीला नाव दिले ‘लावलेले नाव’ आणि दुसरीला ‘घेतलेले नाव’. पहिलीत महारवाडा, हरिजन, अस्पृश्य, नवबौद्ध, जे कागदावर असेल ते, आणि ज्याने लावले त्याचा उल्लेख : खानेसुमारी, शाळा, वर्तमानपत्र. दुसरीत आमचे शब्द. शोध दोन्ही ओळींतून होतो. वाचकाला प्रथम दिसते ती दुसरी. यात काम दुप्पट होते आणि आम्ही आठ-दहाच माणसे आहोत.

सध्या टेबलावर नामांतराच्या काळातली हस्तपत्रके आहेत. २७ जुलै १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत सोळा वर्षे एका नावासाठी माणसे मेली, घरे जळाली. पुष्कळ पत्रकांवर तारीख नाही, छापखान्याचे नाव फाटलेले आहे. त्यांवर ‘नामांतर’ लिहायचे की ‘नामविस्तार’, यावरून पुन्हा दोन तट पडले आहेत. बायांनी तिसरा शब्द सुचवला आहे : ‘पोचिराम’. पोचिराम कांबळे यांचे नाव त्यांतल्या मोजक्याच पत्रकांवर छापलेले आहे, पण टॅग सगळ्यांना लावावा असे त्यांचे म्हणणे आहे. पुढच्या रविवारी बसून ठरवायचे आहे.